पाचवा महिना, पोट दिसत नाही. लोकलमध्ये सीट कशी मागू?

डोंबिवलीकरीण:
सकाळची फास्ट, डोंबिवली ते दादर, लेडीज सेकंड क्लास. पाचवा महिना आहे, पण कुर्त्यात कळत नाही. ठाण्यापर्यंत पाय भरून येतात, मळमळतं. काल एकीला विचारलं, "जरा बसू का?" तर म्हणाली, "घाटकोपरला उतरताना सीट हिला दिलीये." नक्की विचारायचं तरी कसं?

ठाकुर्लीची मावशी:
अगं, "जरा बसू का" म्हटलं की बायकांना वाटतं चौथी सीट मागतेय. ती अर्धी मांडी बाहेर ठेवून बसायची जागा, तुझ्या कामाची नाही. आणि "कुठे उतरणार?" मुळीच विचारू नकोस. तो ती उतरल्यावर सीट मिळावी म्हणून नंबर लावणं झालं. तुझ्या आधी दोघीतिघी असतातच, त्या भांडणार. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, त्याही अंबरनाथ-बदलापूरपासून उभ्या असतात.
सरळ सांग, "मी प्रेग्नंट आहे, मला बसायचंय." आवाज अख्ख्या डब्यात गेला पाहिजे. खिडकीतली उठणार नाही, ती सीटसाठी उलटी कल्याणला जाऊन बसून आलेली असते आणि तिला नेमकी तेव्हाच झोप लागते. तिसऱ्या सीटवालीकडे बघ. ती नाही उठली तर समोरची तिला उठवते.

सेकंडक्लासवाला:
दिव्यांगांच्या डब्यात गरोदर महिलांना परवानगी आहे. प्लॅटफॉर्मवर बीप-बीप वाजतं तिथे तो डबा येतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जवळ ठेवा. उगाच घुसणाऱ्यांना रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होतो.

ठाकुर्लीची मावशी:
दंड होतो, आणि धडधाकट बाप्ये तरीही दारात उभे असतात! दुपारी सोनोग्राफीला जाताना तो डबा उत्तम. सकाळी आठला त्याचं दार गाठून दाखवा, दादा.

लंडनची सून:
इथे 'बेबी ऑन बोर्ड' लिहिलेला बिल्ला फुकट मिळतो. कोटाला लावला की तोंड उघडावं लागत नाही. अर्थात समोरच्याने मोबाइलमधून मान वर काढली तर.

ठाकुर्लीची मावशी:
आमच्याकडे तो बिल्ला गर्दीत ओढणीसकट दादरला दुसऱ्याच कुणाबरोबर उतरेल.

डोंबिवलीकरीण:
😄 मावशी, पुढचा लेडीज धरू की मधला?

ठाकुर्लीची मावशी:
मधला. तिथे ग्रुप जास्त. भांडणं त्यांचीच, पण दुसरीला उठवून तुला बसवतील त्याही त्याच. आणि ठाण्याच्या आधी माग, ठाण्याला गर्दी शिरली की तुझा आवाजसुद्धा आत पोचणार नाही.