अपडेटनंतर बॅटरी : तपासलीत का? काय दिसलं?

निळी छत्री (धागाकर्ती)

सिस्टिम अपडेट आलं की दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच रडगाणं सुरू होतं, "अपडेट केलं आणि बॅटरीची वाट लागली." लागलीही असेल. पण बॅटरी लवकर उतरणं वेगळं आणि बॅटरीची ताकदच कमी होणं वेगळं. पहिलं बऱ्याचदा आपोआप किंवा एखादं सेटिंग बदलून सुधारतं, दुसरं बॅटरी बदलल्याशिवाय नाही. लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि कुणीतरी सरळ नवा फोन घेऊन मोकळं होतं.

म्हणून ज्यांनी खरोखर तपासून पाहिलंय त्यांनी इथे लिहावं. फोन किती जुना, कशाने तपासलं, आकडा काय आला, पुढे काय केलंत. स्वतःच्या फोनची तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, नाहीतर धाग्याचा आखाडा होतो.

सुरुवात माझ्यापासून. फोन तीनेक वर्षांचा. अपडेटनंतर पर्समध्ये नुसता ठेवलेला असतानाही गरम. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर पाहिला तर यादीत वर फोटोंचं अ‍ॅप, जे मी दिवसभर उघडलंही नव्हतं. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत फोटो पुन्हा चाळतो, शोधासाठी याद्या बनवतो, अ‍ॅप्स नव्या सिस्टिमला जुळवून घेतो. रात्रभर चार्जर आणि वायफायवर ठेवला, दोन-तीन दिवसांत सगळं पूर्ववत. बॅटरी हेल्थचा, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत किती टक्के ताकद उरली त्याचा आकडा ८७ होता, ८७च राहिला.

आता तुम्ही.

ऑफिसचा डबा

वाचनखूण साठवली. माझं अपडेट गेला आठवडाभर "आज रात्री" वर ढकलतोय.

भरदुपार (नागपूर, डिलिव्हरी)

ताई, आमचा मोबाइल पर्समध्ये नाही, गाडीच्या हँडलवर असते. मे महिन्याचं ऊन, जीपीएस चालू, ब्राइटनेस फुल, वरून पॉवरबँक लावलेली. अपडेट झालं अन् मोबाइल ८० च्या वर चार्जच होईना. आमच्या नाक्यावरचे सगळे रायडर म्हणे अपडेटनं बॅटरी खाल्ली. म्या म्हटलं पाहू तर खरं. झाडाखाली थांबून मोबाइल थंड होऊ दिला, मंग चार्जिंगला लावला. तरी ८० वरच थांबला. म्हणजे नुसता ताप नव्हता, अपडेटसंगं बॅटरी प्रोटेक्शनचं सेटिंग चालू होऊन आलं होतं. ते बंद केलं तं १०० झाला. पण भर उन्हात आताही मधातच चार्जिंग थांबते, ते तापल्यामुळं. तो अपडेटचा दोष नाही, नागपूरचा आहे.

आता घरी असलो की ८० चं चालू, ड्युटीला निघतानी बंद.

उंबरठा (गुहागर)

आमच्याकडे ऊन नाही, रेंज नाही. अपडेटनंतर नेटवर्कचं सेटिंग माझ्याकडे आपोआप ५जीवर गेलं होतं. आमच्या वाडीत ५जीची एक कांडी येते नि जाते, फोन दिवसभर टॉवर शोधत बसतो. ४जीवर आणलं, संध्याकाळी घरी येताना पुन्हा चाळीस टक्के शिल्लक राहायला लागले. हेल्थ वगैरे बघितलीच नाही, गरजच पडली नाही.

पारावरचा (सातारा)

मी आकडेवाला माणूस. माझ्या अँड्रॉइडमध्ये हेल्थचं पान नाही. *#*#4636#*#* डायल केलं तर काही फोनांत बॅटरीची माहिती उघडते, माझ्यात नुसती नेटवर्कची आली. मग अ‍ॅक्यूबॅटरी टाकलं. हे अ‍ॅप चार्जिंगच्या वेळी आत किती करंट गेला ते मोजतं. पण अ‍ॅपवर न विसंबता हिशेब हातानेही करता येतो. फोन बाजूला ठेवून २० वरून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज केला, २५२० एमएएच (बॅटरीत किती मावतं त्याचं माप) आत गेले. साठ टक्क्यांना २५२०, तर शंभराला ४२००. खोक्यावर ५००० छापलंय. म्हणजे ८४ टक्के. अपडेटच्या आधी याच पद्धतीने ८५ आलं होतं. एखाद-दुसरा टक्का तर मोजण्यातच इकडेतिकडे होतो, म्हणजे अपडेटने बॅटरी खाल्ली नाही.

मात्र आमच्या मेहुण्यांच्या फोनला याच अ‍ॅपने ४६ टक्के दाखवले. फोन अजून वर्षाचाही नाही आणि दिवस आरामात काढतो. जाणकारांनी उजेड पाडावा.

सोल्डरगन (सांगली, मोबाइल रिपेअरिंग)

दादा, मेहुण्यांना सांगा, निवांत राहा. फार जलद चार्ज होणाऱ्या बऱ्याच फोनांत एकाच बॅटरीत दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा. अ‍ॅप करंटच मोजतं, म्हणून क्षमता निम्मी दिसते. ४६ ची दुप्पट ९२, आणि वर्षाच्या आतल्या फोनला ते बरोबर बसतं.

आता दुकानातलं सांगतो. मोठं अपडेट येऊन गेलं की "दादा, बॅटरी बदला" म्हणणारी गिऱ्हाइकं वाढतात. मी आधी विचारतो, अपडेट कधी केलं? काल-परवा म्हटलं तर आठवड्याने या म्हणून परत पाठवतो. बरीचशी परत येत नाहीत. (धंद्याचं नुकसान, पण शिव्या कमी बसतात.)

जी येतात त्यांच्यासाठी साधी परीक्षा. फोन ३०-३५ टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडायचा, फ्लॅश लावून व्हिडिओ चालू करायचा. तेवढ्यात फोन एकदम बंद पडला आणि चार्जरला लावल्यावर पुन्हा पंचवीस-तीस दाखवायला लागला, तर बॅटरी थकली. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, जोराचा करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. टक्के दाखवणारा भाग हिशेबच करत असतो, त्याला हे आधी कळत नाही. म्हातारा माणूस सपाटीला चालतो आणि जिन्यात बसतो, तसं.

आणि हेल्थच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आयफोनच्या बॅटरीवर जी छोटी चिप असते तिच्यातला सायकलचा (किती वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली त्याचा) आणि हेल्थचा आकडा प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने बदलून लिहिता येतो, बाजारात तसली यंत्रं सर्रास मिळतात. सेकंडहँड फोन चार वर्षांचा आणि हेल्थ १००? मग बॅटरी बदललेली आहे किंवा आकडा. सेटिंग्जमध्ये बॅटरीबद्दल "अननोन पार्ट" लिहून येतंय का तेही बघा.

सॅमसंगवाल्यांसाठी : सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमध्ये फोन डायग्नोस्टिक्स, त्यात बॅटरी स्टेटस. टक्का मिळत नाही, चांगली की कमजोर एवढं कळतं. गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं.

राईनकाठ (ड्युसेलडॉर्फ)

सगळ्यांचा सूर "अपडेट बिचारं निर्दोष" असा लागतोय म्हणून मुद्दाम लिहितोय. दर वेळी निर्दोष नसतं. जानेवारी २०१७ मध्ये आयफोनच्या सिस्टिमचं, आयओएसचं, १०.२.१ हे अपडेट आलं. बॅटरी जुनी झालेल्या आयफोन ६, ६एस वगैरे फोनांचा वेग त्यात गुपचूप कमी केला होता, ते अचानक बंद पडू नयेत म्हणून. सोल्डरगन यांनी सांगितलेला व्होल्टेजचाच प्रकार. कारण बरोबर, पण लोकांना सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये बोभाटा झाला, अ‍ॅपलने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलायची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणली. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंडही घेतला. आयफोनमधलं बॅटरी हेल्थचं पान मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये आलं, ते याच भानगडीतून. मागितल्याशिवाय मिळालेलं नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ४ए या फोनला अपडेट दिलं आणि काही फोनांची वापरता येणारी बॅटरी त्याने कमी झाली. हे गूगलनेच जाहीर केलं होतं, भरपाईचे पर्यायही दिले. म्हणजे तिथे "अपडेट केलं आणि बॅटरी गेली" हे अक्षरशः खरं होतं.

इकडे युरोपात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना नियम आहे. ८०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि किती सायकल टिकते ते लेबलवर छापायचं. मागच्या महिन्यात बायकोसाठी फोन घेताना आम्ही कॅमेऱ्याच्या आधी ते लेबल वाचलं.

निळी छत्री

राईनकाठ, हे हवंच होतं. त्यात एक भर. एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ ने आयफोन ११ मालिकेतल्या फोनांची बॅटरी हेल्थ नव्याने मोजायला घेतली होती, कारण आधीचा अंदाजच काही फोनांत चुकत होता. त्यामुळे अपडेटनंतर आकडा हलला म्हणजे बॅटरीच बदलली असं नाही, कधीकधी मोजमाप बदललेलं असतं.

पारावरचा

मेहुण्यांना ९२ कळवलं. आता म्हणतात, मग पार्टी दे.

चार्जर कुठाय

थोडं अवांतर. आईचा जुना फोन अपडेटला लावला तर मागचं झाकण एका बाजूने उचललेलं दिसलं. टेबलावर ठेवला की डुगडुगतो. आई म्हणते, "चालतोय ना अजून, मग कशाला?" अपडेट पूर्ण होऊ द्यावं का? आणि अशी बॅटरी टाकायची कुठे?

सोल्डरगन

अपडेट राहू द्या, आधी चार्जर काढा आणि फोन बंद करा. फुगलीय ती. झाकण दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायचं नाही. आईंना सांगा, आज व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या फोनवर. रिपेअरवाल्याकडून किंवा सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी काढून घ्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना पेट घेते. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला द्या किंवा ई-कचरा केंद्रावर. फोटो-कॉन्टॅक्टचा बॅकअप नवी बॅटरी बसवल्यावर घ्या, त्याच्या आधी फोन चालू करू नका.