दहावीतली मुलगी, महिन्यातले वीस दिवस डोकेदुखी : पालकांना काय सांगू?

वर्गशिक्षिका_कॉलेजरोड
वर्गातल्या एका मुलीचं चार महिने डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर नाही, एमआरआय नॉर्मल. आता घरचे म्हणतात, "सगळी नाटकं आहेत." मुलगी मैत्रिणींशीही बोलेनाशी झालीय. शाळा बंद करून घरी बसवायचा विचार चाललाय. डोकेदुखी आधी बघायची की मन?

पंचवटी_फार्मसिस्ट
मॅडम, आधी गोळ्या मोजायला सांगा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस, किंवा कॅफीन घातलेली 10 दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. असर उतरला की ठणका, ठणक्यावर परत गोळी. आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नको. डॉक्टरांना विचारून बंद केली की सुरुवातीला दुखणं वाढतं आणि नेमके तेव्हाच घरचे घाबरून नवी स्ट्रिप आणतात.

पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिग्रॅपर्यंत. 40 किलोच्या मुलीला 500 ची एक पुरे, पुढची सहा तासांनी. घ्यायचीच तर दुखायला लागताच घ्यावी, दुपारपर्यंत कळ काढून उपयोग नाही. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, 16 वर्षांच्या आत देऊ नये.

समुपदेशक_इंदिरानगर
"नाटकं" हा शब्द आधी थांबवा. मायग्रेनमध्ये एमआरआय नॉर्मलच येतो. दुखणं खरंच असतं. दुखणं आणि काळजी एकमेकांना खतपाणी घालतात, म्हणून आधी हे, मग ते असं करू नका. 10 ते 17 वयाच्या मुलांवरच्या 2013 च्या एका चाचणीत औषधाला सीबीटीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) जोड दिली, तेव्हा दुखण्याचे दिवस जास्त कमी झाले.

घरी "आज दुखतंय का गं?" हे सारखं विचारू नये. रात्री एकदाच वहीत चार रकाने भरावेत : दुखणं 0 ते 10, झोप, गोळी, आणि दुखण्यामुळे काय राहून गेलं. चौथा रकाना नीट वाचा. नुसता गणिताचा क्लास राहत असेल तर गोष्ट वेगळी. आवडीचं नाचणं, मैत्रिणी, जेवणही दोन आठवडे सुटलं असेल, तर नैराश्याची तपासणी हवीच.

शाळा बंद करू नका, कळकळीने सांगते. घरी पाठवलं की त्या क्षणी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी शाळेचं फाटक जास्त जड होतं. पहिला आठवडा दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण. दुखलं तर शांत खोलीत 20 मिनिटं, पाणी, परत वर्गात.

वर्गशिक्षिका_कॉलेजरोड
क्लास रात्री 9 पर्यंत, अभ्यास 1 पर्यंत, शाळा सकाळी 7 ला. चहा-बिस्किटावर येते.

समुपदेशक_इंदिरानगर
म्हणजे झोप पाच तास! या वयात 8 ते 10 हवी. आधी रात्रीचा अभ्यास 10 ला थांबवा, क्लासला जाण्यापूर्वी पोळी-भाजी द्या. रविवारीही उठायची वेळ तासाभराहून जास्त बदलू नये.

सिडको_नर्स
दुखण्यामुळे झोपमोड, सकाळी उलट्या, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, तापात मान आखडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. "मी नसले तर बरं" असं बोलली तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. एकटी ठेवू नका, गोळ्या कुलपात. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, मोफत, 24 तास, मराठीतही बोलतात. आपल्या नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचार आहे. जाताना ती वही आणि रिकाम्या स्ट्रिप सोबत न्या.