पश्चात्ताप नसताना क्षमा करायची का?

वसईकर: जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, १० वर्षांचा फिलिप व ६ वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले असताना जमावाने त्यांना जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. तेव्हा कोणी ती मागितलीही नव्हती. माझ्या मते ख्रिस्ती क्षमा ती हीच. क्रुसावरून ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ म्हणताना येशू तरी कोणाच्या पश्चात्तापासाठी थांबला होता?

मंडळीतला: बायबलमधलं लूक १७:३ वाचा. आधी दटावणं, मग पश्चात्ताप, मग क्षमा. क्रम येशूनेच घालून दिलाय. मधली पायरी गाळली की पापाला मोकळं रान मिळतं. करिंथ शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, बापाच्या बायकोशी राहणारा माणूस खपवून घेतला, तेव्हा त्याला बाहेर काढा म्हणून प्रेषित पौलाने लिहिलं. त्याचा आत्मा तारला जावा म्हणूनच लिहिलं.

वसईकर: ग्लॅडिसबाईंनी कुठे काय खपवून घेतलं? क्षमा वेगळी, कायदा वेगळा, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुख्य मारेकरी दारासिंगची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केलीच.

पाळकाची लेक: ग्लॅडिसबाईंवर क्षमेची सक्ती कोणी केली नव्हती. पण नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा कर हे येशूचं वचन ऐकवून घरी परत पाठवलेलं मी पाहिलंय. ते वचन ज्यात आहे त्याच मत्तय १८ मध्ये, काही ओळी आधी, अपराध्याला एकांतात सांगा, नाही ऐकलं तर दोघातिघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीपुढे मांडा, असं दिलंय. तेवढा भाग त्या बाईच्या वेळी कोणालाच आठवला नाही. मला याचा फार राग येतो.

मंडळीतला: मी तेच म्हणतोय! सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ मध्ये मध्य प्रदेशात खून झाला. त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन खुनी समंदरसिंगला राखी बांधली. तो पस्तावला होता म्हणूनच ते नातं जुळलं.

वसईकर: नातं जुळायला दोघं लागतात, मान्य. पण राखी घेऊन निघालेल्या बहिणीने क्षमा आधीच केली होती. मनातलं वैर सोडायला समोरच्याची परवानगी कशाला?

पाळकाची लेक: वैर सोडून ती बाई माहेरी राहिली, पोलिसांत गेली, तरी ती क्षमाशीलच ना? मग पाळकांनी आधी त्या नवऱ्याच्या दारात जावं. तिला काय सांगायचं ते नंतर बघू.