'ऐकून घेता आलं की झालं' म्हणणाऱ्यांसाठी

निशिगंध:
परवा इथे एका काकांनी लिहिलं होतं, "आमच्या काळी आजी आणि शेजारच्या वहिनी हेच काम फुकटात करायच्या. समुपदेशक व्हायला कान आणि कळकळ पुरे, त्याला विद्यापीठ कशाला?" खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय, समुपदेशन घेऊन. पहिल्या वर्षी मलाही काकांसारखंच वाटायचं. प्रॅक्टिकलला वर्गातलीच मैत्रीण समोर बसवायची, तिनं खोटी अडचण सांगायची. एकदा तिनं खरी सांगितली. वडिलांच्या दारूची. मी सात मिनिटांत तीन सल्ले दिले आणि वर 'होईल गं सगळं नीट' म्हणाले. बाईंनी ते रेकॉर्डिंग मला एकटीला बसवून ऐकायला लावलं. ती जिथे जिथे गप्प झाली होती, तिथे तिथे मी तोंड घातलं होतं. शेजारच्या वहिनींचं रेकॉर्डिंग कुणी करत नाही, म्हणून त्या थोर. (आणि वहिनींना दुपारी सांगितलेलं संध्याकाळी जिन्यात ऐकू यायचं, ते सोडूनच देऊ.)

विशाखापट्टणमच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, दूरशिक्षणातलं मानसशास्त्र बंद केलं. माझ्या मते दोन्ही योग्य.

गणिताचा मास्तर:
ताई, दोन्ही योग्य कसं? एका हातानं माणूस मागायचा, दुसऱ्या हातानं माणूस तयार व्हायची वाट बंद करायची. आमच्या शाळेत ११४० पोरं आहेत. समुपदेशक कोण? मी. तीन दिवसांचं प्रशिक्षण, रोज दोन वेळा चहा, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. आमच्याच तालुक्यातल्या एका बाईंनी घर, गोठा, दोन लेकरं सांभाळून दूरशिक्षणातून एम.ए. केलं. आज तिच्यासारखीनं काय करायचं, पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं?

निशिगंध:
त्या बाईंबद्दल आदरच आहे. पण इंटर्नशिपच्या तयार फायली विकत मिळतात हे तुम्हालाही माहीत असेल, सर. केस क्रमांक एक ते पाच, नावं तेवढी बदलायची. त्या फायलीवर पास झालेल्या माणसापुढे तुमचा विद्यार्थी बसवाल?

गणिताचा मास्तर:
फायली रेग्युलरवाले विकत घेत नाहीत वाटतं!

तिरंदाज:
पदवीचं कौतुक मला सांगू नका. मुलीच्या शाळेनं बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगणारी ती चाचणी ठेवली होती. साडेचार हजार रुपये, दहाही बोटांचे ठसे, चकचकीत रिपोर्ट. निष्कर्ष: तुमची मुलगी 'गरुड' आहे, मॅनेजमेंटला घाला. तिच्या मैत्रिणीचं घुबड आलं, ती पोर दोन दिवस रडत होती. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंच म्हटलंय. आणि रिपोर्ट समजावून सांगणारा गृहस्थ कोण? एम.ए. मानसशास्त्र, रेग्युलर! क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. समुपदेशक व्हायला पाटी रंगवणारा पुरतो.

निशिगंध:
म्हणूनच तर आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांच्या नोंदणीचा २०२१ चा कायदा आला ना! एकानं ठसे विकले म्हणून आम्ही सगळे ठसेवाले?

पेठेतला:
मुळात शब्दच गंडलाय. समुपदेशन म्हणजे सम् अधिक उपदेशन. उपदेश पोटात घेऊनच जन्माला आलाय तो. मग शिकलेली मंडळी सात मिनिटांत तीन सल्ले देतात यात नवल काय?

निशिगंध:
हे मात्र चपखल. मानलं. (नाइलाजानं.)

पेठेतला:
तेच 'एम्पथी'चं, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याचं मन समजून घेण्याचं. एक पुस्तक समानुभूती म्हणतं, दुसरं सहअनुभूती, तिसरं तदनुभूती. आधी एक काय ते ठरवा.

तिरंदाज:
समानुभूती चूक आहे. अनुभव समान कसा असेल? बाप माझा मेला, तुमचा नाही.

पेठेतला:
'सम' म्हणजे समान, 'सम्' म्हणजे नव्हे. संस्कृतचा पत्ता नाही आणि...

तिरंदाज:
पुणेरी पाटी लावा आता, 'अनुभूती एक ते चार बंद राहील'.

तुळजा:
थांबा हो जरा. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, मराठवाड्यात. विद्यापीठातून दोन मुली शिकायला आल्या होत्या. समोर चाळिशीची बाई, नवरा जाऊन तीन महिने झालेले. मुलीनं वहीत बघून विचारलं, "तुमच्या मनात कोणत्या भावना येतात?" बाई म्हणाली, "भावना माझी पुतणी. तिला नांदेडला दिलीया." मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मग मी विचारलं, "जिवाला कसं वाटतंय मावशी?" त्यावर बाई धडाधड बोलली. उरात कालवाकालव होती, भाकर गिळत नाही, कुणी दार वाजवलं की धस्स होतं. मुलीनं सगळं इंग्रजीत लिहून घेतलं, ते 'धस्स' तेवढं वहीत आलं नाही.

तुमची समानुभूती का तदनुभूती, ती या मुलींना कुणी मराठीत शिकवलेली दिसत नव्हती. पण एक सांगते. त्यातली एक मुलगी दुसऱ्या आठवड्यात वही न काढता बसली. बाई वीस मिनिटं रडली, ही पोरगी एक अक्षर बोलली नाही. मला ते जमलं नसतं, मी पाणी आणायला उठले असते.

निशिगंध:
सिस्टर, आमचे पेपर मराठीत लिहायची मुभा होती. लिहिणाऱ्या दोघीच. संदर्भ सगळे इंग्रजीत, बाकीच्यांना वाटायचं मराठीत लिहिलं तर मार्क कमी पडतील. मीही इंग्रजीतच लिहिले. लाज वाटते, पण लिहिले.

पेठेतला:
'तदनुभूती'वर कुणीच उत्तर दिलेलं नाही.

गणिताचा मास्तर:
कुणी देणारही नाही.

निशिगंधताई, तुमची ती सात मिनिटं डोक्यातून जाईना म्हणून काल खिशात फोन चालू ठेवून नववीतल्या एका पोराशी बोललो. परवानगी घेऊन, उगाच ओरडू नका. रात्री ऐकलं. पोरगा म्हणाला, "सर, घरी जावंसं वाटत नाही." त्यावर मी लगेच म्हणालो, "असं बोलू नये." लगेच म्हणजे किती? दोन सेकंद. पुढची अकरा मिनिटं माझंच व्याख्यान, त्यात माझ्या वडिलांचा संघर्षसुद्धा आला. तेव्हा तुमचं काही अंशी बरोबर, धरा.

आज त्याला पुन्हा बोलावलंय, मधल्या सुट्टीत. उरलेल्या ११३९ पोरांचं काय करायचं ते मात्र तुम्ही अजून सांगितलेलं नाही.