फॉलो कोणाला करावं? जो चुकल्यावर सापडतो त्याला!

रावेरकडचा

ज्याचं चुकलं तर उद्या त्याला गाठून जाब विचारता येतो, त्यालाच फॉलो करावं. बाकीच्यांचे फॉलोअर लाखात असोत, ते करमणुकीपुरते. हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायची माझी तयारी आहे.

आमच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, सावदा, फैजपूर, यावलकडे, केळीवाल्याचा दिवस मोबाइलवरच उजाडतो. बऱ्हाणपूरला काय भाव निघाला, रावेरला काय निघाला, वादळाचं काय म्हणतात, आणि मग कोणीतरी टाकलेला रोगावरचा जालीम उपाय. या शेवटच्या प्रकाराबद्दलच बोलायचं आहे. सीएमव्ही, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो केळीवरचा विषाणूचा रोग. लागलेलं झाड फवारणीने बरं होत नाही. ते उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, तो पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवायची, बागेत किंवा शेजारी काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो घ्यायचं नाही. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगतात आणि हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, कारण पैसे मोजून आणलेलं टिश्यू कल्चरचं रोप उपटायचं म्हणजे जिवावर येतं.

मग रील येते. गडी बागेत उभा, हातात बाटली, 'सात दिवसांत हरण्या गायब'. खाली फोन नंबर. नीट बघितलं तर मागची माती लालभडक. आमच्या तापीकाठच्या काळ्या रानात ही लाल माती कुठून आली? विचारायला जावं तर कमेंट बंद. गावातल्या कृषी केंद्रवाल्याने असली बाटली गळ्यात मारली तर तो दुसऱ्या दिवशी पारावर सापडतो. तो खोटं बोलतच नाही असं नाही. पण बेताने बोलतो.

साक्री तालुका

भाऊ, 'जवळचा माणूस बेताने बोलतो' हे आमच्या तालुक्यात येऊन म्हणू नका. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज आधीपासून व्हॉट्सअॅपवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला आलेले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. तेव्हा व्हॉट्सअॅपवर चॅनेल नव्हते, फॉलोअर नव्हते. मामा पाठवतो, मामाला त्याचा साडू पाठवतो, असा सगळा ओळखीतला मामला. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

जाब विचारायचं म्हणता ना? फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं : 'मला आलं, मी पुढे पाठवलं.' आणि खरं सांगा, नात्यातल्या माणसाला आपण जाब विचारतो का? उलट तो आपला म्हणून तपासायचंही सोडून देतो. मी फॉलो करतो ते बातमी कुठून आली हे लिहिणाऱ्यांना, आणि चुकली तर त्याच जागी दुरुस्ती टाकणाऱ्यांना. मग ते मुंबईत बसोत नाही तर दिल्लीत.

रावेरकडचा

राईनपाडा कोणीच विसरलेलं नाही, दादा. पण फॉरवर्ड वेगळं आणि फॉलो वेगळं. फॉरवर्डला मालकच नसतो, तिथे कोणाला धरणार? मी मालक असलेल्या मजकुराबद्दल बोलतोय.

जळगाव सिटी

मालकाचं निघालंच आहे तर विचारतो. तुमच्याकडे सकाळी सकाळी केळीचे भाव टाकणारी पेजं आहेत, त्यातल्या किती जणांचा मालक स्वतः माल उचलतो? माझ्या मावसभावाने असंच एक पेज बघून नवतीच्या केळीचा सौदा केला. पेजवर पडता भाव, त्याच भावाने बांधावर कटाई. दुपारी कळलं की शेजारच्या शिवारात गाडी चांगल्या भावाने भरली गेली. पेज चालवणारा आणि बांधावर आलेला माणूस, दोघं एकाच घरातले. तुमच्या हिशेबाने हा 'सापडणारा' माणूस. सापडला. पुढे काय? पुढच्या वर्षीही माल त्यालाच द्यायचा आहे म्हणून मावसभाऊ गप्प.

निळ्या टिकवाल्यांचं तर नावच नको. ट्विटरने एप्रिल २०२३ मध्ये जुने टिक काढले, आता पैसे भरले की टिक मिळतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवरही तो विकत मिळतो. आमच्या सराफ बाजारात पोरं अजून म्हणतात, 'टिक आहे म्हणजे खराच असेल.' माणूस खरा आहे हो, तो सांगतो ते खरं आहे असं कुठे लिहिलंय?

रावेरकडचा

मावसभावाचं वाईट झालं. पण तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. पेज व्यापाऱ्याचं आहे हे कळलं की ते पेज कामाचं होतं. मी असली दोन-तीन पेजं मुद्दाम ठेवली आहेत. व्यापाऱ्याला आज भाव किती दाखवायचा आहे, हे त्यातून समजतं. ते भाव म्हणून वाचायचे नसतात, त्याची बोली म्हणून वाचायचे. त्याचा स्वार्थ कुठे आहे ते मला माहीत आहे. लाल मातीतल्या गड्याचा स्वार्थ मला बाटली विकत घेतल्यावर कळतो. जाहिरात असेल तर तसं ठळक सांगा, असा जाहिरात मानक परिषदेचा इन्फ्लुएन्सरांसाठीचा नियम २०२१ पासून आहे. आपल्या बाजूच्या किती रीलवर 'जाहिरात' हा शब्द दिसला कोणाला?

शहाद्याची

दादा लोकांनो, तुम्ही बोलताय ते सगळं शेत आणि बाजार धरून. 'जवळचा, ओळखीचा, गाठता येणारा' हे शब्द बाईच्या कानाने एकदा ऐकून बघा. माझ्यासाठी जवळचा म्हणजे सासरचा.

मी ज्यांना फॉलो करते त्यातलं कोणीच मला ओळखत नाही आणि तोच फायदा आहे. एक डॉक्टरबाई आहेत, पाळीच्या तक्रारींवर सरळ मराठीत बोलतात. एक वकील आहेत, वारसाहक्काचं समजावून सांगतात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, हे मला गावातल्या एकाही 'सापडणाऱ्या' माणसाने सांगितलं नाही. हक्कसोडपत्रावर सही कुठे करायची, एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

आणि तुम्हाला माहीतही नसेल, आमच्याकडे फॉलो करणं ही उघड्यावरची गोष्ट आहे. माझ्या फॉलोइंगची यादी माझा दीर उघडून बघतो. 'ही कोण बाई? हिला कशाला फॉलो केलं?' म्हणून माझं एक खातं घरच्यांसाठी आहे, त्यात रांगोळ्या, भरीत आणि देवाची गाणी. दुसऱ्यावर ना माझं नाव ना फोटो. तुमचा नियम लावला तर मला पहिलंच खातं तेवढं उरेल.

साक्री तालुका

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं.

अमळनेरनी

तुम्ही बठ्ठा भाव नि रोगवर भांडी राह्यनात. मी ते एकच बघस, जो आपली अहिराणीमा बोलस त्याले फॉलो!

आता मराठीत सांगते : जो आपल्या अहिराणीत बोलतो, त्यालाच मी फॉलो करते. आमची पुण्यातली पोरं घरी अहिराणी बोलायला लाजायची. अहिराणी कॉमेडीवाल्यांच्या रील बघून आता एकमेकांना त्यातलेच डायलॉग मारतात. त्यातला निम्मा विनोद टुकार असतो, बायकोच्या मारावर चालतो, तरी मी बघते. प्रत्येक फॉलोतून ज्ञानच मिळालं पाहिजे असं थोडंच आहे?

चोपडा लाइन

तुम्ही फॉलोवर एवढे तात्त्विक होताय, पण तुम्हाला दिसतं ते तुमच्या फॉलोवर ठरतं कुठे? बोट कुठे थांबलं त्यावर ठरतं. ती लाल मातीवाली रील रावेरच्या दादांनी फॉलो केली नव्हती, तरी समोर आलीच ना? आणि माती बघायला ते थांबले म्हणून तशा आणखी आल्या असणार.

मी एवढंच करतो : यूट्यूबचं पहिलं पान उघडतच नाही, थेट सबस्क्रिप्शनमध्ये जातो. इन्स्टाग्रामनेही २०२२ मध्ये फॉलो केलेल्यांचंच, नवं ते वर, असं पान परत दिलं. फेसबुकवरही तशी सोय आहे. शोधावी लागते, कारण तिथे आपण लवकर कंटाळतो आणि त्यांचा धंदा होत नाही.

रावेरकडचा

चोपड्याचं पटलं. शहाद्याच्या ताईंचंही बरंचसं पटलं, पण पूर्ण नाही. ताई, तुमच्या वकिलाने सांगितलेला २००५ चा कायदा तुम्ही उघडून बघू शकता, दुसऱ्या वकिलाला विचारू शकता. म्हणजे तो सापडतोच, फक्त पारावर नाही, कागदावर सापडतो. मी 'गाठणं' म्हणतो ते हेही धरून. हवामान खात्याचंच घ्या. पिवळा, नारंगी, लाल, जो काही इशारा असेल तो तारखेसकट पडतो, नंतर ताडून बघता येतो. मे-जूनच्या वादळात घड लागलेली बाग आडवी झाल्यावर 'मी सांगितलंच होतं' म्हणणारे शंभर निघतात. त्यांची आदल्या दिवशीची पोस्ट शोधा, उडवलेली असते. पोस्ट उडवणारा माझ्याकडे पहिल्या फटक्यात बाद.

साक्री तालुका

आता तुम्ही आमच्याच बाजूला आलात की! 'कागदावर सापडतो' म्हणजे तपासता येतो. मग जवळ-लांबचा प्रश्नच कुठे राहिला?

पण हवामान खात्याचीही एक गोष्ट आहे. इशारा अख्ख्या जिल्ह्याला. जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके. नारंगी इशारा लागतो, चाळीसगावात धो धो, रावेरात ऊन. दोनदा असं झालं की शेतकरी म्हणतो, त्यापेक्षा आपला तो व्हिडिओवाला बरा, गावाचं नाव घेऊन तर सांगतो. सरकारी पेजंही अशी की साहेबांच्या सत्काराचे फोटो वर आणि फवारणीचा सल्ला कुठेतरी तळाला. लोक चुकीच्या माणसामागे जातात त्यात निम्मा वाटा या पेजांचा आहे.

रावेरकडचा

बाजू बदललेली नाही. तपासता येणं पुरेसं नाही, तपासल्यावर त्या माणसाला काही भोगावं लागलं पाहिजे. वकिलाची सनद जाऊ शकते, कृषी केंद्राचा परवाना जाऊ शकतो. रीलवाल्याचं काय जातं?

चाळीसगाव जंक्शन

माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडे तीन नेते, तिघांचे कार्यकर्ते माझे मित्र, आणि तिघांची पेजं फॉलो करावी लागतात. वाढदिवसाच्या बॅनरला लाइक नाही केलं तर संध्याकाळी टपरीवर 'काय भो, नाराज का?' असं विचारतात. त्यात चुलत्याचं मोबाइलचं दुकान, मेहुण्याचा डीजे. फॉलो कोणाला करायचं हे मी ठरवतच नाही, ते गावाने ठरवलंय. अनफॉलो केलं तर समोरच्याला कळतं का हो?

चोपडा लाइन

नोटिफिकेशन जात नाही. इन्स्टाला म्यूट करा, फॉलोही राहतं आणि दिसतही नाही. फेसबुकवर मित्राला मित्र ठेवून नुसतं अनफॉलो करता येतं.

शहाद्याची

म्यूटच करा, दादा. अनफॉलो केलं तर यादीतून नाव जातं, आणि यादी बघणारे दीर तुमच्याकडेही असतीलच.