अग्रलेखाखाली नाव का नसतं?

‘पेपरात येतं ते सगळं लेखच’ असं कुणीतरी म्हणालं, ते काही पटलं नाही. बातमी काय घडलं ते सांगते. लेखात लिहिणाऱ्याची नजर असते. वृत्तलेख या दोहोंच्या मधला. घटना खरीच, पण तिच्यामागची माणसं आणि कारणं उलगडलेली.

लहानपणी बाबा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात न्यायचे (१८९३ सालचं, अजून धडधाकट). ते आधी अग्रलेख उघडायचे. त्याखाली नाव का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, “अरे, ते पेपरचं मत, एका माणसाचं नव्हे.” पण निस्तरावं लागतं संपादकालाच. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती ‘केसरी’तल्या दोन लेखांवरूनच की!

आई मात्र रविवारची पुरवणी आधी पळवायची. ललित लेख, मग पाककृती. बाबांच्या लेखी तो ‘टाइमपास’. मला विचाराल तर चांगलं ललित लिहिणं अग्रलेखाहून अवघड, कारण तिथे विषयाचा आधार नसतो.

स्फुट म्हणजे अग्रलेखाचं धाकटं भावंड. ठाण्याला लोकल पकडली की मुलुंड येईपर्यंत वाचून होतं. वैचारिक लेखाला दादर उजाडतं, तेही बसायला मिळालं तर.