विषय: अभ्यासिकेच्या ताईंचं मानधन

नमस्कार मंडळी,
दर्यापूरकडच्या अभ्यासिकेला आपल्या मंडळानं पुस्तकं दिली, सोलर दिवे दिले. आता तिथल्या ताईंना दरमहा मानधन द्यायचं घाटतंय. माझा विरोध नोंदवा. गणपतीत खुर्च्या मांडायचे इथे कुणी पैसे घेतं का? गाडगेबाबा त्याच अमरावती जिल्ह्यातले. खराटा हाती घेताना त्यांनी रोजी ठरवली होती?
— मूळ अकोला, सध्या टोरांटो

दादा,
बाबांचंच नाव काढलंत म्हणून लिहिते. स्वतःसाठी पैसा ते घेत नसत, पण गाव झाडून झालं की भाकर मागून खात.

दिवाळीत मी गावात होते. ताई कापूस वेचायला जातात. मजुरी किलोवर, म्हणजे जितका वेळ वावरात, तितके पैसे. बाकीच्या बाया उन्हं कलेपर्यंत थांबतात; या चारलाच कापूस मोजून देऊन निघतात, कारण पाचला पोरं येतात. म्हणजे रोज दोन-चार किलोंची देणगी त्याही देताहेत, फक्त आपल्या पावतीपुस्तकात ती येत नाही. आपण खुर्च्या मांडतो शनिवारी, सुट्टीत.

आणि तिथे ‘स्वयंसेविका’ हा शब्द जरा जपूनच वापरायला हवा. 2005 साली आशा योजना आली तेव्हापासून आशाताई कागदावर स्वयंसेविकाच आहेत. सुरुवातीला पगार नाही, फक्त कामागणिक मोबदला. 2021 मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. बायांना तो शब्द चांगलाच पाठ झालाय.

धास्ती मलाही आहे, पण निराळी. तो खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारट; अभ्यासिकेत प्यायच्या पाण्याचे कॅन आणावे लागतात. आज शेजारीण ते आणून ठेवते, दुसरी कुणी अंगण झाडते. उद्या म्हणतील, "तिले भेटते ना पैसे, मंग आमी काहून करावं?" हे ताईंनाही बोलले. त्या हसल्या. म्हणाल्या, "वेचनीच्याच दिवसात द्या जी. उन्हाळ्यात कोनतं काम बुडते माह्यं?"
— मूळ दर्यापूर, सध्या मिसिसागा

वहिनी,
विरोध मागे घेत नाही. पण ‘मानधन’ खोडून ‘बुडालेली मजुरी’ लिहा, मग बोलू. वेचणी यंदा किती आठवडे चालेल आणि किलोला काय भाव आहे, तेवढं विचारून कळवा. खजिनदार आकड्याशिवाय ऐकणार नाहीत. आणि पाण्याचे कॅन मंडळाच्या खर्चात का नाहीत?
— अकोला / टोरांटो